भुऱ्या नळाजवळ का येईना?

"भुऱ्या, ये ना! अरे, तुझ्यासाठीच ठेवलंय बिस्किट! ये लवकर!"

प्राचीने चुचकारलं, टिचक्या वाजवल्या, बिस्किट नाचवून दाखवलं. भुऱ्या चार हात लांब उभा राहून शेपटी हलवत होता, पण पाऊल काही पुढे टाकेना. एकदा त्याने पंजा उचलून पुढे ठेवला आणि चटका बसावा तसा कुईं करून मागे उडी मारली.

"नको येऊस! तूही जा!" प्राची ओरडली आणि तिला एकदम रडूच आलं.

रडू येणार नाही तर काय! आईची बदली लांब गडचिरोलीला झालेली. तिथे खोली मिळेपर्यंत लेकीला मामाकडे डोणगावला ठेवलं होतं. जुनी शाळा सुटली, नवी अजून पाहिलेली नाही, मैत्रिणी राहिल्या नाशकात. अविनाशमामांचं गावाबाहेर लग्नाचं लॉन. मे महिना म्हणजे लग्नसराई, त्यामुळे मामांच्या कानाला सदानकदा फोन आणि डिंपलमामी स्वयंपाक्यांच्या मागे. गल्लीतल्या काजल आणि दीपकने पहिल्याच दिवशी "मला कंटाळा आलाय" हे तिचं बोलणं ऐकून, नाकात बोलून नक्कल केली होती. मग उरला हा मळक्या रंगाचा, एक कान फाटलेला भुऱ्या कुत्रा. रोज दुपारी मेंदीच्या कुंपणामागे, नळाच्या कट्ट्यावर दोघांची बैठक जमायची. परवापासून तोही येईना!

"मशीनच्या आवाजाला घाबरत असेल," प्राचीने डोळे पुसत मनाची समजूत घातली.

मशीन परवाच आलं होतं. मेंदीचं कुंपण कापायचं नवंकोरं, विजेवर चालणारं, लांब दातेरी पात्याचं. मांडव घालणारे भगवानराव ते घेऊन कुंपणाभोवती अशा ऐटीत फिरत होते की बघत राहावं! संध्याकाळी सुलतानपूरचं वऱ्हाड यायचं होतं आणि त्याआधी कुंपण सरळ रेषेत हवं होतं.

घर्रर्र आवाज थांबला. भगवानराव चहाला गेले. तोच भुऱ्या धावत आला, बिस्किट मटकावलं आणि प्राचीच्या पायावर डोकं ठेवून पसरला!

"बघ, आवाजालाच भीत होतास ना?"

थोड्या वेळाने भगवानराव परतले, बटण दाबलं. भुऱ्या केकाटत उठला, कुंपण ओलांडून पलीकडे पळाला आणि बसला कुठे? थेट मशीनपाशी, भगवानरावांच्या पायाशी! कान फुटतील असा आवाज तिथे, आणि हा तिथे जांभई देतोय!

प्राची चक्रावली. म्हणजे आवाजाची भीती नाही. या जागेची भीती आहे, आणि तीही मशीन चालू असेल तेव्हाच!

इतक्यात सोजराबाई भांड्यांची पाटी घेऊन आल्या. लॉनवरची भांडी त्याच घासत. काजलची ही आजी. त्यांनी चपला बाजूला काढल्या, ओल्या मातीत पाय रोवले आणि नळाला हात घातला.

"अगं माय वं!" त्यांनी हात झटकला.

"काय झालं आजी?"

"काय सांगू पोरी! परवापासून पायाले मुंग्या येऊन राह्यल्या, नळाले हात लावला का पार खांद्यापर्यंत झिणझिण्या! कोणाले सांगतलं तर म्हणतात, म्हातारपण आहे, गोळी खा."

प्राची स्वतःच्या पायांकडे बघू लागली. तिच्या पायात जाड रबरी चपला होत्या. आजी अनवाणी, भुऱ्याही अनवाणी.

"आजी, नळाला हात लावू नका! आधी इथून बाहेर या! चला ना, तिकडे सावलीत बसा!" तिने त्यांच्या पदराचं टोकच धरलं.

"अवं, तांदूळ धुवाचे राह्यले, वऱ्हाड येईन!" असं म्हणत म्हणत सोजराबाई सावलीत टेकल्या. "चहा पिऊन येतो मग. तवर आराम."

चहा पिऊन परत येणार! म्हणजे वेळ थोडा होता. प्राची धावली मामांकडे.

"मामा, नळाजवळ करंट येतोय!"

"हं... हो, हो, फुलवाला पोचला का?" मामा फोनवर. तिच्याकडे बघून त्यांनी हाताने 'नंतर' अशी खूण केली.

मामींकडे गेली तर त्या म्हणाल्या, "प्राची, उन्हात फिरू नकोस गं. जा, पंख्याखाली बस."

मोठी माणसं! घरात पाहुणी आलेली मुलगी दिसते, पण तिचं तोंड हलताना दिसत नाही. प्राची मांडवाच्या खांबाशी उभी राहिली. समोर काजल आणि दीपक बुंदीच्या परातीपाशी घुटमळत होते. या दोघांशी बोलायचं? नक्कल करतील, हसतील. पण डोळ्यांपुढे सोजराआजींचे ओले पाय आले आणि ती गेलीच.

"काजल, तुझ्या आजीला शॉक बसतोय."

काजलच्या हातातली बुंदी हातातच राहिली. "काऊन वं? कुठं?"

प्राचीने भुऱ्यापासून सगळं भडाभडा सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"चाल, वायर पाहू!" दीपक म्हणाला. "हात नाही लावाचा कशालेच!"

तिघं वायरीच्या मागावर निघाली. मशीनपासून निघालेली वायर म्हणजे दिव्यांच्या माळेची, बारीक, जागोजागी चिकटपट्टी लावलेली. पुढे तिचे दोन फाटे झाले होते. एक गेला होता शेजारच्या मळ्यातल्या पंपाच्या पेटीत. आणि दुसरा? दुसरा आला होता नळाच्या कट्ट्यामागे. तिथे मातीत एक लोखंडी सळई ठोकलेली, तिला तार गुंडाळलेली आणि भोवती पाण्याचं डबकं!

"इथे भगवानकाका सारखी बादली ओततात," प्राची म्हणाली. "मला वाटायचं, रोप नाही, झाड नाही, पाणी कशाला?"

"अवं, हे अर्थिंग आहे!" दीपकला गंमत वाटली. "दुपारी गावची लाईन जाते, पण मळ्याची थ्री फेज चालू राह्यते. मंग एक फेज, म्हंजे करंटची तार, तिथून घ्याचा अन् दुसरी तार जमिनीत! आमच्या मळ्यात सारेच असा बल्ब पेटवतात. सळईले पाणी टाकलं का बल्ब फकफक पेटते!"

"आणि त्या बल्बने कुणाला झिणझिण्या येत नाहीत?"

"नाही बा."

प्राची विचार करत राहिली. वीज एका तारेने येते, मशीन फिरवते आणि दुसरीने परत जाते, हे शाळेत शिकलेलं. इथे परतीची तार मातीत संपली होती. मग वीज परत जाणार कशातून?

"मातीतून!" ती ओरडली. "दीपक, तुमचा बल्ब केवढा असतो?"

"नऊ वॉटचा."

मशीनचा खोका कुंपणाशीच पडला होता. त्याच्यावर छापलं होतं, २३० व्होल्ट, ६०० वॉट.

"बघ! साठ-सत्तर बल्ब एकदम पेटवल्यासारखं आहे हे! तेवढी सगळी वीज या सळईतून ओल्या मातीत उतरते. मशीन चालू असलं की माती झटका देते, बंद केलं की गप्प. आपल्याला चपलांमुळे कळत नाही. भुऱ्याला कळतं. आणि काजल, तुझ्या आजीला!"

"आजी ओल्या पायानं लोखंडी नळ धरते..." काजलचा आवाज बारीक झाला. "मरून जाईन ती!"

तिघं भगवानरावांपुढे उभी राहिली. भगवानरावांनी सगळं ऐकलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"पोट्टेहो, या अर्थिंगवर माह्या मिशा पिकल्या! जनरेटर आहे उभा, पण एवढ्याशा मशीनसाठी तो कोण सुरू करीन? जा, खेळा."

"ते पहा! आजी निघाली!" काजल कुजबुजली. खरंच, तांदळाचं भगुणं कडेवर घेऊन सोजराबाई नळाकडे येत होत्या.

काजल सुटली ती थेट आजीपाशी! तिच्या कमरेची तंबाखूची पिशवी खस्सकन ओढली आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पळाली.

"ए कार्टे! उभी राह्य! माही पिशवी!" भगुणं खाली ठेवून सोजराबाई तिच्या मागे. आचारी पोट धरून हसू लागले.

ही गर्दी बघून प्राचीला एकदम सुचलं. तिने दीपकच्या कानात सांगितलं. दीपक खुर्चीवर चढला.

"ऐका हो! भगवानकाकाच्या अर्थिंगले कुत्रंही भेतं! लावता का पैज?"

"कोण भेतं बे?" भगवानराव तडकले.

"सळईपाशी बुंदी ठेवतो. मशीन चालू असताना भुऱ्यानं खाल्ली, तर आम्ही तिघं सारं कुंपण कात्रीनं कापू! नाही खाल्ली, तर मशीन बंद!"

"हात्तिच्या! बुंदी अन् कुत्रं खाणार नाही? लाव पैज!"

सगळे गोळा झाले. प्राचीने काठीने बुंदीचा कागद सळईच्या दिशेने सरकवला. दीपकने भुऱ्याच्या गळ्यात सुताची कोरडी दोरी बांधली.

"दोरी ढिली ठेव, पण सोडू नकोस. पुढे झेपावला तर लगेच ओढ," प्राची म्हणाली.

मशीन सुरू झालं. घर्रर्र!

"आता हाक मार त्याले!" भगवानराव म्हणाले.

परवापासून ज्याला ती गळा फाडून बोलवत होती, त्यालाच पुन्हा बोलवायचं होतं. "भुऱ्या, ये!" ती म्हणाली आणि मनात म्हणत राहिली, नको येऊस रे, नको येऊस, एकदाच माझं ऐकू नकोस!

भुऱ्याने वास घेतला. लाळ गाळत दोन पावलं आला. ओल्या मातीच्या कडेला पंजा टेकला, कळवळून उचलला आणि मागे सरकून भुंकू लागला.

"बंद करा!" प्राची म्हणाली. मशीन बंद झालं आणि भुऱ्या उडी मारून बुंदीवर तुटून पडला! त्याला मागे ओढलं, पुन्हा मशीन सुरू केलं. पुन्हा तेच! त्या कडेच्या आत एक पाऊलही नाही.

भगवानरावांच्या हातातलं मशीन हळूच खाली आलं. "थांबा, मी पंपाची पेटीच बंद करतो," ते कसेबसे म्हणाले आणि गेले.

"काय तमाशा आहे हा?" मामा गर्दीतून पुढे आले. मागून धापा टाकत सोजराबाईही पोचल्या. सगळं ऐकून मामांचा चेहरा उतरला.

"सोजराबाई, तुम्हाला शॉक बसत होता, तर कोणाला सांगितलं का नाही?"

"तुलेच तं सांगतलं होतं, अविनाश! तू म्हणे, गोळी खा."

मामांनी लगेच वायरमनला फोन लावला.

वायरमन आला. त्याने सळईजवळची माती आणि नळ यांच्यामध्ये मीटर लावून, मशीन क्षणभर चालवून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "भगवानराव, बाई एखाद्या वक्ती नळालेच चिकटली असती! या पोरीनं जीव वाचवला!" मग त्याने सळई उपटली, जनरेटर सुरू करायला लावला, जाड तीन तारांची सलग केबल टाकली आणि गळती झाली की पटकन वीज तोडणारा स्विच बसवला. "अन् मशीनवाल्यानं बूट घालाचे, वायर खांद्यावरून पाठीमागं टाकाची. पात्यात आली तर संपलं!" भगवानराव आज्ञाधारकपणे बूट शोधायला गेले.

संध्याकाळी वऱ्हाड यायच्या आधी मामांनी मांडवात सगळ्यांसमोर तिघांना बोलावलं. "माझ्या लॉनवर आज लग्न लागतंय ते या पोरांमुळे. प्राची, मी तुझं ऐकलं नाही. चुकलं माझं. शाब्बास!"

भगवानरावांनीही कान पकडले. "माह्या मिशा पिकल्या, पण अक्कल या पोट्ट्याइनं शिकवली!" टाळ्या पडल्या.

मग बँड वाजला आणि सगळी माणसं नवरदेवाकडे धावली. दीपक नाचायला गेला, काजल त्याच्या मागे. बघता बघता प्राचीभोवती कुणी उरलं नाही. तिने आईला फोन लावला. रेंजच्या बाहेर. पंगती बसल्या, त्यात वऱ्हाड्यांचे, नवरीकडच्यांचे, आचाऱ्यांचे, सगळ्यांचे आपापले घोळके. ती भिंतीला टेकून उभी राहिली. शाबासकी मिळालेली होती, तरी तिला जेवायला बसावंसं वाटेना.

"ए पोरी!" शेवटच्या पंगतीतून हाक आली. "तिथं काऊन उभी? माह्याजवळ बस. सरक वं काजल. दीपक, तू बी सरक!"

"मंग मी कुठं बसू?" दीपक कुरकुरला, पण सरकला. काजलने पत्रावळ ओढून आपल्या शेजारी मांडली.

प्राची बसली. सोजराबाईंनी तिच्या पाठीवरून खरखरीत हात फिरवला. "म्या परवापासून साऱ्याइले सांगून राह्यली होती. कोणी ऐकलं नाही. एकटी पडली होती मी. तू ऐकलं."

"मीपण एकटीच होते आजी," प्राची म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"माहीत आहे मले. जेव आता."

प्राची जेवली. डोणगावात आल्यापासून त्या दिवशी प्रथमच तिने वाढप्याला हाक मारून परत भात मागून घेतला.