नको तो आवाज

कानसेन हे नाव त्याला बायकोनं ठेवलेलं आणि ऑफिसातल्यांनी उचललेलं. बैठकीच्या खोल्यांमधली ध्वनियंत्रणा लावून द्यायची, नको तो आवाज काढायचा आणि हवा तो ठेवायचा, हा त्याचा धंदा. एक खोड मात्र होती. स्पीकरची परीक्षा तो ओळखीच्या आवाजावरच घ्यायचा. म्हणून यंत्रावरून थेट घरी फोन लावायचा आणि बायकोला बोलायला लावायचा.

त्या सकाळीही तेच. चौथा मजला, लांबलचक टेबल, चौदा खुर्च्या, काचेचं दार. बैठक बाराला होती आणि अकरा वाजून गेले होते.

"बोल काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू? पोरगी मांडीवर, कपडे बादलीत, आणि ह्याला भाषण हवंय! आणि तुझ्याकडे गिरणी चाललीय का रे?"

एसीची घरघर माइकमधून तिच्यापर्यंत पोचत होती. पडद्यावर दहा फिल्टर होते. एकेक फिल्टर म्हणजे आवाजाच्या एका पट्टीला लावायची कात्रीच. पहिला त्यानं एकशेवीस हर्ट्झवर नेला आणि खाली ओढला.

"गेली बाई गिरणी!"

गेली होती खरी, पण खोलीतूनही गेली होती. एसीच्या जाळीला बांधलेली कागदाची पट्टी जोरात फडफडत होती आणि कसलाच आवाज नव्हता. त्यानं कानात बोट घालून हलवलं. सर्दी असेल, दुसरं काय, असं स्वतःला सांगून तो पुढच्या फिल्टरकडे वळला.

तेवढ्यात चिमीनं भोकाड पसरलं. चार महिन्यांची एवढीशी पोर, पण अख्खी खोली दणाणली.

"डोकं उठवलंय हिनं सकाळपासून," बायको वैतागून म्हणाली.

"थांब, हिलाच गाळून टाकतो."

गंमत म्हणूनच बोलला तो. टोचणारी पट्टी सापडावी म्हणून दुसरा फिल्टर वर चढवला आणि हळूहळू फिरवत नेला. सव्वातीन हजारांवर रडणं सुईसारखं टोचलं. तिथेच त्यानं तो तळापर्यंत ओढला. रोजची रीत होती ती, हाताला सवय झालेली.

रडणं थांबलं. बायकोचा श्वास तेवढा लख्ख ऐकू येत होता.

"बघ, गायब!"

पलीकडून पोरीला थोपटल्याचा आवाज आला.

"अगं?"

"अरे, ही रडतेय. तोंड उघडंय, लालबुंद झालीय. आवाजच येत नाहीये हिचा."

त्यानं फिल्टर शून्यावर आणला.

"आला?"

"नाही!"

त्यानं दहाच्या दहा पुसून टाकले. चुकीची बटणं दाबली जात होती.

"आता?"

"नाही रे, नाही! चिमे, ए चिमे, काय झालं गं? आवाज काढ ना राणी. आवाज काढ!"

पडद्यावर तिसरा फिल्टर हलला.

कानसेननं आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही टेबलावर होते. फिल्टरची रेघ सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती. शोधत होती.

"असं म्हणू नकोस!" तो ओरडला. "तो शब्द नको! इथे 'काढ' म्हणजे गाळून टाक!"

"आवाज काढ गं सोन्या, एकदाच आवाज का..."

रेघ तळाला टेकली, तिच्यामागोमाग चौथ्या फिल्टरचीही.

फोन चालूच होता. सेकंद पुढे जात होते. त्यानं हाक मारली, पुन्हा मारली. मग टेबलाखाली शिरून वायर उपटली.

खिशातला मोबाइल थरथरला. बायकोचा मेसेज होता.

"मला बोलता येत नाहीये. लगेच ये. चिमी रडायची थांबली, माझ्याकडे बघून हसतेय. घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय मला. तिच्या छातीला कान लावलाय. आत काहीच वाजत नाहीये."