हात वर करून चालवलेली गाडी

"सृष्टी बाद. उद्याची शर्यत तुझी," रामलिंगनं फोन कानाला धरूनच सुकन्याला सांगितलं, आणि तिच्या पोटात गुळाचा खडा विरघळल्यासारखं झालं.

चेहरा मात्र तिनं पडलेलाच ठेवला. शेजारी सृष्टी उभी होती ना.

सृष्टी तिची चुलतबहीण, लातूरची. सुट्टीला मुखेडजवळच्या शेतातल्या घरी आली, आणि आल्यापासून घरात तिचंच कौतुक. सृष्टीची भाकरी किती गोल! सृष्टीचं अक्षर बघा! वर मोटारशर्यतीच्या ऑनलाइन खेळातही तिनं सुकन्याला हरवलं. नांदेडच्या एका कॉम्प्युटर क्लासनं सुट्टीतली स्पर्धा ठेवली होती. मुखेडची खेळाडू झाली सृष्टी. वर्षभर त्याच लॅपटॉपवर बोटं झिजवलेली सुकन्या झाली राखीव. राखीव म्हणजे पाणी आणून देणारी.

काल उपांत्य फेरीत सृष्टीनं नांदेडच्या सत्यमला हरवलं होतं.

"सत्यमनं तक्रार केलीय," सुकन्याचा धाकटा भाऊ रामलिंग सांगू लागला. "क्लासचे शेषेराव सर म्हणायलेत, सृष्टीताईनं शेवटच्या सरळ रस्त्यावर नागमोडी गाडी हाणून त्याला अडवलं. उद्या राखीव खेळाडूनं सत्यमशी खेळायचं."

"मी एकदाच आतली बाजू धरली," सृष्टी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मागच्याला अडवायला एकदाच बाजू बदलायची, आणि तो शेजारी आला की गाडीभर जागा सोडायची. नियम मला माहीत नाही का?"

सरांनी पाठवलेली क्लिप तिघांनी पाहिली. सत्यमच्या पडद्यावरून घेतलेली. सृष्टीची लाल गाडी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. सुकन्यानं ती गुपचूप पुन्हा पाहिली आणि थबकली. गाडी बाजूला जात होती, पण पुढची चाकं सरळच होती! चाकं न वळवता गाडी वळते कशी?

कुणाला न सांगताच तिनं फोन पालथा घातला. उद्या सगळे तिच्या खुर्चीमागं उभे राहणार होते, आणि पाणी सृष्टी आणणार होती.

जेवताना सृष्टीनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "सुकन्या, तो सत्यम वळणावर ब्रेक उशिरा लावतो. आतून घुसेल. तेवढं लक्ष ठेव."

सुकन्यानं हातातला घास ताटात ठेवला. एवढं चांगलं कशाला वागायचं माणसानं? नीट जळूसुद्धा देत नाही!

"फोन आण रे," ती रामलिंगवर खेकसली. "चाकं बघा. गाडी वळली नाही, उडालीय. नेट अडखळलं की दुसऱ्याच्या पडद्यावर तसंच दिसतं. काल त्या वेळी काय झालं होतं?"

"शेतीची लाईट आली होती," रामलिंग लगेच म्हणाला. "विहिरीवरची मोटार सुरू झाली म्हणून तर मी हौदात उडी मारली."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अप्पांकडे. संगमेश्वरअप्पा म्हणजे सुकन्याचे वडील.

"माझ्या मोटारीला नाव ठेवू नका," अप्पा म्हणाले. "ऑटोस्विच लावलाय. लाईट आली की आपली आपण सुरू होती. सगळ्या शिवारात तसंच हाय."

"म्हणूनच तर, अप्पा! सगळ्यांच्या मोटारी एकदम उठतात आणि घरातला पंखासुद्धा दमतो. मग वायफायचं काय होत असंल?" सुकन्या म्हणाली.

उद्या लाईट येताना गाडी चालवून दाखवतो म्हटल्यावर शेषेराव सर व्हिडिओ कॉलवर बघायला तयार झाले, पण कपाळावर आठ्या होत्या. "लातूरच्या पोरी लई हुशार असतात बरं का. स्टिअरिंग हलवून दाखवायचं न् मोटारीवर ढकलायचं."

"हलवणार नाही, सर," सुकन्या म्हणाली. तिनं मोबाइल त्याच्याच डेटावर ठेवून असा टेकवला की सृष्टी पूर्ण दिसावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सृष्टीची गाडी पुढं, सत्यमची मागं. रामलिंग वायफायच्या डब्यापाशी. वाट पाहून सत्यम कंटाळला तेवढ्यात बाहेर मोटार घुरघुरली. पंखा मंदावला.

"सृष्टी, हात वर!"

सृष्टीनं दोन्ही हात डोक्यावर धरले.

"डब्याचा दिवा लाल झाला, ताई!" रामलिंग ओरडला.

"आयला!" फोनमधून सत्यमचा आवाज आला. "सर, उडाली. डावीकडं... उजवीकडं... आणि तिचे तर हात वर हायेत."

शेषेराव सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "एकच क्लिप बघून निकाल दिला मी. चुकलं. सृष्टी, कालचा विजय तुझाच. अंतिम फेरीला नांदेडला ये."

"मला तसंच दिसलं होतं, खरंच," सत्यम पुटपुटला. "पण मुलीकडून हरलो म्हणून जरा जोरात बोंबललो."

"जरा?" रामलिंगनं विचारलं.

"आणि सुकन्या," सर म्हणाले, "स्वतःच्या हातातली शर्यत सोडून तू खरं काय ते शोधलंस. असा राखीव खेळाडू मी पाहिला नाही."

अप्पांनी ऑटोस्विच काढला आणि लगेच लातूरला भावाला फोन लावला. "आमच्या सुकन्यानं काय डोकं चालवलं म्हणतोस..." मग शेजारच्या शेतातल्या आखाड्यावरच्या माणिकप्पांना. मग वाटेनं चाललेल्या बसम्माला.

बसम्मा जाईपर्यंत सृष्टी हसत होती. मग म्हणाली, "काका, शर्यत मी जिंकले होते, तेही सांगा की."

सुकन्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. हा आवाज तिच्या चांगलाच ओळखीचा होता; सृष्टी आल्यापासून तो तिच्याच पोटात मुक्कामाला होता. तिला एकदम फार बरं वाटलं.

"हाव, अप्पा," ती बाजेवर सरकून सृष्टीला जागा करत म्हणाली. "बोलवा बसम्माला माघारी."