जिना उतरणारा आर

"सर, नकाशात माणसं का नसतात?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. आणि माघार घेईल ती रुद्राणी कसली! भवानी पेठेतला इंग्रजीचा क्लास खो खो हसला. बसवेश सर मात्र हसले नाहीत.

"परीक्षेत दोन नकाशे येतात. आधीचा नि नंतरचा. काय पाडलं, काय बांधलं, काय तसंच राहिलं, तेवढं लिहायचं. माणसांना मार्क नाहीत! उद्या आपापल्या घराचे दोन नकाशे आणा. आजचा आणि दहा वर्षांनंतरचा. खाली वर्णन. नीट आणील त्यालाच सराव परीक्षेला बसवीन."

बारावीनंतर परदेशी शिकायचं तर ही परीक्षा हवीच. रुद्राणीने संध्याकाळी जीव ओतून नकाशे काढले. दहा वर्षांनी आपण घरात कुठल्या असायला? म्हणून दुसऱ्या नकाशात स्वतःच्या खोलीवर तिने बिनदिक्कत 'स्टोअर' लिहिलं आणि कागद टेबलावर ठेवला.

सकाळी बघते तर 'स्टोअर' गायब! सफाईने खोडलेलं. तिथे एक खाट, आणि इंग्रजीत ठळक 'रुद्राणी'. अक्षरं शिपायासारखी ताठ. 'आर'चा पाय तर जिना उतरल्यासारखा.

शाळेतले हरवलेले डबे शोधून रुद्राणीने नाव कमावलेलं होतंच. तिने शेजारच्या सृष्टीला बोलावलं.

"दिग्विजयदादाच!" सृष्टीचा निकाल तयार. "गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवतो की तो!"

"थांब गं. आधी विचारू. आणि काय खोडलंय, ते कुणालाच सांगायचं नाही."

दादा दारात प्लेट रंगवत होता. "ए डिटेक्टिव्ह, तुझ्या नकाशाला मी कशाला हात लावू? तू गेलीस की तुझी खोली माझी. व्यायामाला." ओल्या प्लेटवर 'एमएच तेरा बीआर' चमकत होतं. 'आर'चा पाय सुरेख तिरका घसरला होता.

आई भाकरी थापत होती. "घराचा नकाशा? मग माझं शिलाई मशिन कुटं ठिवलंस त्यात?"

बाबा चादरींची डिझाईन काढायचे, मोर, फुलं, गिऱ्हाइकांची इंग्रजीतली नावंसुद्धा. ग्राफच्या कागदावर लाल पेन्सिलीने चौकोन भरत बसले होते. मोराची मान चौकोना-चौकोनाने वर चढत होती.

"बाबा, माझ्या नकाशाला कुणी हात लावला?"

"मी बगितलाच न्हाई. मला काय कळतंय त्यातलं? तू जा पोरी, लई शिक." मग मान वर न करताच म्हणाले, "पर राहत्या खोलीची अडगळ करू न्हाई माणसानं."

"बघ, बाबांना काहीच माहीत नाही," सृष्टी कुजबुजली. रुद्राणी मोराची मान निरखत होती.

न्याहारीला सगळे बसल्यावर तिने सरांची अट सांगितली आणि कागद मधोमध ठेवला.

"दादाचा आर तिरका घसरतो. आईला मशिनची जागा ठाऊक नाही, म्हणजे तिने नकाशा पाहिलाच नाही. आता हा आर बघा. तिरपी रेघच नाही, पायऱ्या आहेत! ग्राफवर चौकोन भरत पायरी-पायरीनेच उतरावं लागतं. चादरीवर लोकांची नावं काढून काढून ज्याचा हात तसा वळलाय, तो साध्या कागदावरही जिनाच काढणार. आणि बाबा, खोलीची अडगळ झालीय, हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे चोर घरातच!" सृष्टी ओरडली.

"चोर नेतो गं. बाबांनी तर जागा ठेवलीय."

"जा म्हनतो ते मनापासून म्हनतो," बाबा म्हणाले. "पर कदी दमून आलीस, तर टेकायचं कुटं तू?"

आईने पदर डोळ्यांना लावला. "जा, आता नवा कागद काढ. नकाशात माणूस दिसलं तर सर बसू द्यायचे न्हाईत सराव परीक्षेला."

रुद्राणीने कागद उचलून छातीशी धरला.

"आई, बाबा, माझं ठरलं. परीक्षा मी देणार, आणि पास झाले की जाणारसुद्धा. पण आज क्लासला हाच कागद नेणार. खाली लिहिणार, ही खोली तशीच राहील. सरांनी सराव परीक्षेला नाही बसवलं तर नाही. हा आर मी खोडणार नाही!"