हात हवा, फावड्यासकट

"अहो पेंटर, आधी खाली उतरा!"

शिडीवरच्या तरुणाने वाकून पाहिलं. पुराने धुऊन नेलेली एका दुकानाची पाटी तो रंगवत होता. खाली एक मुलगी उभी... गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फोन आणि नाकाच्या शेंड्यावर राग! पूरग्रस्तांच्या मदतीला आलेल्या संस्थेची ती कार्यकर्ती. राग इतका गोड दिसतो हे बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे शिडी जरा डगमगली.

"काय चुकलं?"

"काल तुम्ही टांगलेला फलक वाचा!"

त्याने रस्त्यापलीकडे पाहिलं आणि जीभ चावली. 'मदतीचा हात हवा' असं त्याने झोकात रंगवलं होतं. पण कापड लांब, खांब जवळ – 'मदतीचा' खांबालाच गुंडाळला गेला. उरलं काय, तर 'हात हवा' आणि खाली तिचा नंबर.

"सकाळपासून फोन येताहेत. कुणी पगार सांगतो, कुणी उंची! एकाने तर सरळ आईच्या हाती फोन दिला."

"मग... पसंत पडलं कुणी?"

"पेंटर!"

"चुकलो. उतरवतो लगेच."

पण तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. रविवारी शाळेतला गाळ निघाला नाही आणि छपरापुरती वर्गणी जमली नाही, तर संस्था इथला गाशा गुंडाळणार होती. मुलांची शाळा बंदच राहणार होती, आणि तिला हे गाव सोडून जावं लागणार होतं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तिने डोळे पुसले, आणि कुठून कोण जाणे, तिला हसू फुटलं.

"हो, हात हवाय. दोन्ही हवेत! रविवारी सकाळी शाळेत या... फावडं घेऊन."

मग पेंटरकडे वळून म्हणाली, "फलक राहू द्या."

रविवारी शाळेत स्वयंवरच भरलं म्हणा ना! इस्त्रीचे शर्ट गाळात बरबटले. मुलगी बघायला आलेल्या एका आत्याबाईंच्या हाती घमेलं आलं, आणि त्यांनी भाच्यापेक्षा जास्त गाळ उपसला. गंमत बघायला सारं गाव लोटलं. ज्यांना फावडं झेपेना, त्यांनी वर्गणीच्या डब्यात हात सैल सोडला. दुपार कलता कलता वर्गातली फरशी दिसली, तेव्हा मुख्याध्यापिकांना रडूच कोसळलं.

पेंटर दिवसभर तिच्या आसपासच राबत होता. इस्त्रीचा शर्ट जवळ आला, की हा बादली घेऊन मध्ये हजर!

"ताई, पाणी घ्या," कुणी म्हणे. "ताई, झाडू कुठंय?" संस्थेत सगळेच एकमेकांना ताई-दादा म्हणत. हा मात्र नुसता "अहो... ऐका ना..."

संध्याकाळी पायरीवर टेकत ती म्हणाली, "इतके राबलात. संस्थेत या ना!"

"नको."

"का हो?"

"तिथे तुम्हाला ताई म्हणावं लागेल." तो मान खाली घालून पुटपुटला, "मला... मेलो तरी नाही जमायचं."

तिचे कान तापले. बराच वेळ ती नखाखालचा चिखल काढत राहिली.

"छपरापुरतं जमलंय. छप्पर होईपर्यंत आहे मी इथे."

"आणि... नंतर?"

"नंतरचं – तुम्ही मला काय म्हणता, त्यावर आहे."

तो गोंधळला, लाजला. मग सगळा धीर एकवटून त्याने पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली... अगदी हळू.

ती शेजारीच बसली होती. तरीही तिने 'ओ' दिली.