भुतामागची पावलं

भयपटांना आवाज पुरवायचे, हा ताईचा धंदा. पडद्यावर दार करकरतं, जिन्यावर पावलं वाजतात, ते सगळं ती तळघरातल्या स्टुडिओत हातापायांनी करते. भर दुपारची वेळ होती आणि एकच प्रसंग उरला होता. नायिका एकटीच अंधारात जिना उतरते. त्या बाईला दिवा लावायला काय होतं, हे कोडं ताईला आजवर सुटलेलं नाही. काचेपलीकडच्या खोलीत धाकटी बहीण हेडफोन लावून रेकॉर्डिंगला बसली होती.

ताई उंच टाचांचे जोडे घालून फळीवर चालली आणि थांबली.

"ताई," स्पीकरमधून धाकटीचा आवाज आला, "तू थांबलीस ना... तरी एक पाऊल जास्तीचं पडलं."

"मस्करी पुरे."

"शपथ गं... आता ते माझ्याकडे येतंय."

दिवे गेले. रेकॉर्डिंगच्या यंत्रावरचा लाल ठिपका तेवढा जळत राहिला. ओल्या मातीचा वास खोलीभर पसरला. त्या लाल उजेडात काचेपलीकडे धाकटी दार ओढत होती आणि दार काही उघडेना. आई गेल्यापासून या पोरीला ताईनेच वाढवलं होतं.

"को..." धाकटीने तोंड उघडलं.

"विचारू नकोस!" ताई ओरडली. "'कोण आहे' विचारणारं कुणी शेवटापर्यंत टिकलंय का? टाळ्या वाजव. थांबू नकोस!"

भूत आधी शांतता पसरू देतं आणि मग झडप घालतं. ती शांतता वर्षानुवर्षं ताईनेच बेतून दिली होती. आज ती मिळू द्यायची नाही! तिने पत्रा बडवला, डबे लाथाडले, साखळी आपटली. पावलं जरा घुटमळली, पण पुन्हा काचेकडे वळली.

मग ताईला सुचलं. सिनेमात ज्याच्या मागे पावलं वाजतात, तोच मरतो. तिने टाचांचे जोडे भिरकावले आणि भुताच्या पावलांसाठी ठेवलेले जड बूट चढवले. आवाजाच्या मागोमाग ती चालू लागली, संथ, एक पाय किंचित ओढत. धप्प... धप्प...

पुढची पावलं थबकली. ताईही थबकली. पुढची पावलं भरभर पडू लागली, पण ताईने घाई केली नाही. तिचं भूत कधीच घाई करत नाही. शेवटी ती पावलं धूम ठोकून जिना चढून गेली, वरचं दार धाडकन आपटलं आणि दिवे आले. धाकटीचं दारही सुटलं.

ती धावत येऊन ताईच्या गळ्यात पडली. दोघी आधी रडल्या, मग हसत सुटल्या.

"पळालं गं! तू भुताला घाबरवलंस!"

ताईची छाती अभिमानाने फुलली. "रेकॉर्ड झालंय का? लाव बघू."

दोघी ऐकत बसल्या. जिन्यापाशी ती पावलं थांबली होती आणि कुणीतरी कापऱ्या आवाजात विचारत होतं, "कोण... कोण आहे?"

"बघ, विचारलंच शेवटी!" ताईने मांडीवर थाप मारली.

तेवढ्यात स्पीकरमधून शांतपणे उत्तर आलं, "मी."

आवाज हुबेहूब ताईचा होता. पण बूट चढवल्यापासून दिवे येईपर्यंत ताईने तोंड उघडलंच नव्हतं.