न वाचलेला शेवट

ॲव्हेन्यू रोडवरच्या दुकानात जुन्या पुस्तकांच्या ढिगात चंदनानं हात घातला, तर त्याच मराठी कादंबरीवर आणखी एक हात पडला.

"मराठी वाचता?" त्या तरुणानं विचारलं.

"बोलते चांगली. वाचायला स्वल्प वेळ लागतो."

"मग मी वाचून दाखवू?"

केवढी ही धिटाई! पण बाहेर पाऊस लागला होता, आणि तिला हसू काही आवरेना...

ते शहाण्णव साल. तो मल्हार, नागपूरचा, इथं कन्नड मुलखात बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला. ती चिकपेटेतल्या साडीवाल्या सयाजीअण्णांची आईवेगळी, एकुलती लेक. रविवारी लालबागेतल्या बाकावर तो वाचायचा, ती ऐकायची. कादंबरी अलीकडची, पण तिच्यात एक जुनं शोकनाटक भिनलेलं. नाटकातली राणी बापाचं वचन राखायला विष पिते. आणि राणीचं काम करणारी नटीही बापाच्या शब्दाखातर आपला जिवलग सोडायला निघते.

वाचता वाचता मल्हारचा आवाज जड व्हायचा. चंदना तोंड फिरवायची. अण्णांनीही होसूरच्या आत्याला शब्द दिला होता — चंदना तुमचीच सून.

शेवटचं प्रकरण आलं, तेव्हा तिनं पानावर हात ठेवला. "नको."

"न वाचल्यानं शेवट बदलतो होय?"

"ती बापाशी बोलत का नाही हो? एकदा तरी..."

"तुम्ही बोलाल?" त्यानं हळूच विचारलं. "मी तर... पहिल्या रविवारपासून बोलेन म्हणतोय. माझ्याशी लग्न कराल?"

चंदनाला रडू फुटलं. रडतच ती हो म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिनं अण्णांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. भरल्या ताटावरून उठले, आणि पुढे तिच्याशी बोललेच नाहीत. लग्न कचेरीत झालं. नागपूरहून मल्हारचे आईवडील आले. चंदना सही करेपर्यंत दाराकडे बघत होती.

दिवाळीच्या तोंडावर ती मल्हारला घेऊन दुकानात गेली. अण्णांनी मान वर केली. ओठ नुसते हलले. मग गिऱ्हाइकाला म्हणावं तसं म्हणाले, "या अक्का. काय दाखवू?"

मल्हारनं तिचा हात घट्ट धरला. "चल... जाऊ या आपण."

तिनं हात सोडवून घेतला. चपला काढल्या, अण्णांच्या समोर गादीवर जाऊन बसली, आणि डोळे न पुसताच म्हणाली, "दाखवा अण्णा... सगळ्या दाखवा. मला घाई नाही."