किल्लेदाराचे ताट

घारमाळ किल्ल्याच्या पूर्वेकडे तांबडे फुटले, तेव्हा कडेलोटाच्या टोकाशी दोन गडकरी येऊन उभे राहिले होते. किल्लेदार हैबतराव विषाने गेले होते. त्यांचे जेवण रांधणाऱ्या कोंडी बटकीला सुतक फिटताच, आज दोन प्रहरी, खाली लोटायचे होते. परंतु किल्लेदारीण मंजुळाबाईंची जबानी राहिली होती, आणि पडद्याआडच्या बाईला पुरुषाने सवाल कसा करावा, म्हणून सरकारांनी आपल्या खासगी कारभारातल्या तुळजाबाईंना धाडले होते. गुन्हा ज्याचा ठरेल त्यास तिथेच शासन करावे, हा हुकूमही सोबत होता. तुळजाबाईंच्या जिवाला चैन नव्हते. कोंडी ना नाकारत होती, ना कबूल करत होती.

मंजुळाबाईंनी पाहुणीला स्वतः पान वाढले. पडद्यापलीकडे हवालदार बसले होते.

तुळजाबाईंनी विचारले, “नऊ वर्षे आपण रावांच्या ताटात जेवलात. त्या दिवशी मात्र नाही?”

“सोमवार होता. उपास.”

“सोमवार दिवेलागणीला सोडतात, बाईसाहेब. राव जेवले तेही दिवेलागणीलाच.”

“भूक नव्हती. आपण जेवा, भात निवेल.”

या भातातही विष असू शकत होते. पण तुळजाबाईंनी ताट सारले, तर ही बाई सावध होणार, पुन्हा तोंड उघडणार नाही आणि एक पोर हकनाक मरणार. त्यांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. मग उरलेले ताट मंजुळाबाईंपुढे सरकवले.

“आता आपण बसा. मी ताटात हात धुतलेला नाही.”

मंजुळाबाईंचा चेहरा पडला. हैबतराव रागावले की भरल्या ताटात हात धुवीत आणि तेच बायकोपुढे ढकलीत, हे मुदपाकखान्यातल्या म्हातारीने पहाटेच सांगितले होते. अशा रात्री कोंडी पदराआडून भाकरी नेई, हेही सांगितले होते.

“जिने आपल्याला उपाशी झोपू दिले नाही, तिलाच कड्यावर धाडता?”

मंजुळाबाईंनी ताट ओढले आणि सावकाश जेवू लागल्या.

“यात काही नाही. होते ते त्यांनाच पुरले. त्यांच्यामागे चार दिवस सुखाने जेवावे, एवढेच मनात होते. पण घास उतरत नव्हता.” त्यांनी पडद्याकडे पाहिले. “हवालदार, पोरीला सोडा. विष मी घातले.”

दोन प्रहरी तुळजाबाईंनी कडेलोटाचा हुकूम वाचला. मंजुळाबाई कुणाचा हात न धरता टोकापर्यंत चालत गेल्या.

बेड्या निघाल्या तरी कोंडी जागची हलली नाही. तुळजाबाई जवळ गेल्या, तेव्हा ती हळूच म्हणाली,

“मला समदं ठावं हुतं, आईसाब. तुमी उद्याच्याला आला असता, तर काय बिघडलं असतं?”

तुळजाबाईंनी घोडे मागवले आणि गडावर पाणीही न पिता त्या उतरू लागल्या.